तुझी साडी गुंडाळून धार काढताना

अगं, चंद्रीनं पान्हा चोरला. तू गेल्यापासून कालपर्यंत तिनं मनासारखं दूध दिलं नाही. कास भरलेली असायची, सड ताणलेले असायचे. मी खाली बसायचो, पाण्याचा हात फिरवायचो, पुढं पेंडीचं आंबोण ठेवायचो, आणि बादलीत पडायचं ते मांजराला पुरेल एवढंच. बाकीचं ती वर ओढून धरायची. घरात माणसं येतात, सतरंजीवर बसतात, कसं झालं, कधी झालं, शेवटी काही बोलली का, असं विचारतात. मी सांगतो. सांगून सांगून ते आता पाठ झालं आहे. म्हशीचं काय चाललंय हे मात्र कुणी विचारत नाही, आणि मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून तुलाच सांगायला बसलो.

तुझं नाव मी लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, त्यानंतर कधी घेतल्याचं आठवत नाही. 'अगं' एवढ्यावर आपला संसार झाला. दहाव्याला घोडनदीवर गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा 'इंदुबाई' म्हणताना माझीच जीभ अडखळली. कोण्या परक्या बाईचं नाव सांगतोय असं वाटलं. शेजारच्या दत्तानं मागून खांद्यावर हात ठेवला. त्याला वाटलं मला रडू आलं.

आणि कावळा म्हणशील तर पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला. लोक म्हणाले, भाग्याची बाई, काही इच्छा मागं राहिली नाही. मला त्याचा रागच आला. लोकांच्या घरी कावळा तासतास अडून बसतो, मग कुणी म्हणतं नातवाला शिकवू, कुणी म्हणतं भांडणार नाही. मी मनात तयारी करून गेलो होतो, की अडलीस तर मोठ्यानं सांगायचं, चंद्रीला विकत नाही म्हणून. तू थांबलीच नाहीस. निदान म्हशीसाठी तरी थांबशील असं वाटलं होतं.

ती तुझ्या माहेरची. तुझ्या भावानं ओतूरहून टेम्पोत घालून आणली तेव्हा एवढीशी वगार होती, कपाळावर पांढरा ठिपका. तू टेम्पोतून खाली उतरवायच्या आधीच तिचं नाव ठेवलंस. मी म्हणालो होतो, म्हशीच्या नादाला लागू नकोस, दोन जर्सी गाई घेऊ, दुधाचं माप तरी दिसेल. तू म्हणालीस, "गाई तुमी घ्या, तुमी सांभाळा. माझी मी सांभाळते." गाई काही आल्या नाहीत. पण हा वाद आपण दर उन्हाळ्यात हिरवा चारा कमी पडला की नव्यानं काढायचो. या उन्हाळ्यात तो काढायला कुणी नाही, आणि गाई घेतो म्हटलं तर मला अडवायलाही कुणी नाही. घ्यायची इच्छाच मेली.

तिचं या वेताचं रेडकू गेलं, ते दिवस मला सारखे आठवतात. रेडकू गेल्यावर म्हैस दूध देत नाही, हे कुणालाही माहीत आहे. माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा आली होती. ती म्हणाली, "कातड्यात पेंढा भरा आन उभं करा तिच्याम्होरं. चाटत चाटत पान्हा सोडती. आमच्याकडं असंच करत्यात." आक्काचं खोटं नव्हतं, मी लहानपणी बघितलेलं होतं. मीही हो म्हणून बसलो होतो. तू परातीत पीठ मळत होतीस, तशाच भरल्या हातानं बाहेर आलीस. म्हणालीस, "मेल्यालं लेकरू तिच्याम्होरं उभं करायचं व्हय? आन ते हुंगून तिला काय वाटायचं?" आक्का त्यावर महिनाभर माझ्याशी बोलली नाही, जसं काही मीच बोललो होतो.

दुसऱ्या दिवसापासून तू दिवस उजाडता उजाडता गोठ्यात जाऊन नुसती बसायला लागलीस. बादली न घेता. कपाळ तिच्या कुशीला टेकवायचं आणि हळू आवाजात काहीतरी बोलत राहायचं. कधीतरी तिनं पान्हा सोडला, आणि मग रोज सोडू लागली, पण तुझ्याच हाताला. मी आंबोणाची पाटी घेऊन आत आलो की तू गप्प व्हायचीस. मी विचारायचो, "काय बोलत व्हतीस?" तू म्हणायचीस, "तुमच्या चुगल्या." मी म्हणायचो, एवढ्या चुगल्या असत्यात तर म्हैस मला शिंगावर घ्यायला पायजे. तू म्हणायचीस, "घेईल की. मीच नको म्हन्ते."

त्यातूनच तो साडीचा वाद निघाला. धारेच्या वेळची तुझी ती निळी साडी, रंग उडालेली, शेणाची, दुधाची, पेंडीच्या वासाची, गोठ्यातल्या खुंटीवर लटकलेली असायची. घरातल्या लुगड्यावरच ती गुंडाळून तू खाली बसायचीस. मी म्हणायचो, जनावराला माणूस कळत नाही, वास कळतो. ही साडी गुंडाळून दत्ता बसला तरी ती दूध देईल. तू म्हणायचीस, "तिला मी कळते." मी म्हणायचो, साडी कळते. एकदा चांगलंच जुंपलं, तेव्हा तू साडी सोडून माझ्या अंगावर टाकलीस आणि म्हणालीस, "नेसा मग. बसा." दत्ता दारात उभा राहून हसत होता. मी म्हणालो, वेळ आली तर नेसीन. ती वेळ आता आली.

तू गेलीस त्या दुपारी घासाचा भारा ओट्यावर टाकलास, टेकलीस आणि उठलीच नाहीस. एवढंच. जास्त सांगत नाही, तुला माहीतच आहे. भारा तसाच बांधलेला संध्याकाळपर्यंत पडून होता. माणसं त्याला वळसा घालून जात होती. शेवटी मीच तो सोडला आणि चंद्रीपुढं टाकला. तुझ्या हातची गाठ होती, सुटता सुटेना.

तुझ्या कोंबड्यांचंही ऐक. सगळीकडं ऊस उभा आहे, बिबट्या आज या बांधाला तर उद्या त्या, तुला माहीत आहे. दिवस मावळायच्या आत त्या खुराड्यात गेल्या पाहिजेत. तू अंगणात उभी राहून जीभ टाळ्याला लावून तो आवाज काढायचीस आणि त्या शेतभरातून पळत यायच्या. मी तसाच आवाज काढतो. त्या मान वर करून माझ्याकडं बघतात आणि पुन्हा उकरायला लागतात. मग मी काठी घेऊन मागं धावतो. म्हातारा माणूस कोंबड्यांमागं धावतोय, हे बघायला तू असतीस तर पदर तोंडाला लावून खाली बसली असतीस. ती तांबडी, मोठ्या तुऱ्याची, तुझ्या मागं मागं चुलीपर्यंत यायची ती, शेवग्यावर चढून बसली आणि उतरलीच नाही. सकाळी शेवग्याखाली पिसं होती. मी ती गोळा करून खड्ड्यात टाकली आणि कुणाला सांगितलं नाही.

परवा मंचरहून शकीलभाई आले, मोटारसायकलला जाळीचे पिंजरे लावून. तुला ठाऊक आहे, तो माणूस दारात आला की तुमची अर्धा तास घासाघीस चालायची. तू म्हणायचीस, पाय बघा कोंबड्याचे, गावरान हाय. ते म्हणायचे, भाभी, पाय विकत न्हाई घेत मी. मी दोन कोंबडे धरून आणले. मी सांगितला तो भाव त्यांनी एका शब्दानं मान्य केला. मी म्हणालो, "शकीलभाई, आवो काय तरी कमी करा म्हना की." ते पिंजरा बांधत राहिले. मग म्हणाले, "अण्णा, भांडायची मजा भाभीसंगं व्हती. आता काय." चहाही न घेता गेले. मी ओट्यावर बसून राहिलो. घासाघीस न करता झालेला सौदा एवढा जड असतो, हे मला माहीत नव्हतं.

आता आपल्या लेकीचं सांगतो. सुनीता तू गेल्यापासून इथंच आहे. जावईबापू एकदा येऊन आळेफाट्याला परत गेले, गॅरेज बंद ठेवून चालत नाही. तिच्या मनात होतं मला घेऊन जायचं. गॅरेजच्या वरची खोली मोकळी आहे, म्हणते. तिचं चुकत नाही. पण तिथं दिवसभर ट्रकचे हॉर्न, आणि खिडकीतून बघायचं तर टायरांची चळत. मी तिला म्हणालो, म्हशीचं काय? ती म्हणाली, "अण्णा, ती दूध देईना, आन तुमच्यानं हुईना. चार दिसांत आटंल. आटली का कोन घेनार तिला? त्यापरीस आत्ताच दत्तूदादाला सांगू, गिऱ्हाईक बघ म्हनून." म्हणजे बघ, सगळं त्या कासेवर येऊन ठेपलं. चंद्रीनं दूध दिलं तर मी इथं राहतो. नाही दिलं तर ती बाजारात, मी आळेफाट्याला, आणि घराला कुलूप.

म्हणून मी साडीचा विचार केला. दहावं झालं त्या दिवशी आक्का आणि बाकीच्या बायका तुझे कपडे काढून बसल्या होत्या. गेलेल्या माणसाचं अंगावरचं घरात ठेवू नये, कुणाला देऊन टाकावं किंवा नदीत सोडावं, हे आपलं चालत आलेलं. लग्नातला शालू सुनीताला, बाकीच्या जुन्या साड्या वस्तीवरच्या बायकांना. मी गोठ्यातल्या खुंटीवरची निळी साडी आणायला गेलो, तर खुंटी रिकामी. अंगणात दोरीवर ती वाळत होती. पांढरी वाटावी एवढी स्वच्छ. सुनीतानं गरम पाण्यात भिजवून, पावडर टाकून, दगडावर आपटून आपटून धुतली होती. माझ्या तोंडाकडं बघून ती म्हणाली, "आईची साडी शेणानं भरल्याली कशी देऊ कुनाला? लोक काय म्हनतील आईला?" तिनं आईवरच्या मायेनं धुतली. पण सबंध घरात तुझा वास होता तो त्या एका फडक्यात, आणि तो मोरीतून वाहून गेला.

तरी आक्का ती घडी घालून द्यायला निघाली तेव्हा मी ती तिच्या हातातून ओढून घेतली. आक्का म्हणाली, "येडा झाला का तू?" दुसऱ्या दिवशी सकाळी धोतरावर ती साडी गुंडाळली, पदर डोक्यावरून घेतला आणि चंद्रीखाली जाऊन बसलो. तिनं मान वळवली, साडी हुंगली आणि जोरात फुसकारून पाय झाडला. पावडरच्या वासानं तिला शिंक आली असावी. दत्ता दूध घेऊन डेअरीला निघालेला, आत डोकावला. मागं एकदा हसला होता तसा हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं नजर खाली घातली आणि निघून गेला. आपला वाद मी जिंकला का हरलो, हेही कळलं नाही. साडीच उरली नव्हती, नुसतं कापड होतं.

मग सुनीताला एक सुचलं. तिच्या मोबाईलमध्ये तुझा आवाज आहे. तू तिला मोबाईलवर बोलून पाठवलं होतंस, "सुने, येतानी डबा आन माझा. आन मेथी काढून ठिवलीया, सुकायच्या आत ये." तिनं गोठ्यात मोबाईल लावला. चंद्रीनं चारा सोडला. कान उभे केले, मान वर केली आणि गोठ्याच्या दाराकडं बघत राहिली. सुनीतानं पुन्हा लावला. मग ती रेकायला लागली, आणि दुपारपर्यंत रेकत राहिली. थेंब सोडला नाही. सुनीता मोबाईल छातीशी धरून घरात पळाली. मी दावं धरून उभा होतो आणि तुझं ते पीठ भरल्या हाताचं बोलणं मला आठवलं. पेंढा भरून उभं केलं होतं आम्ही तुला. मला तुझ्याकडं आणि म्हशीकडं बघायची लाज वाटली. पुन्हा तो आवाज लावायचा नाही असं मी सुनीताला सांगितलं, आणि तिनं मान डोलावली.

संध्याकाळी दत्ता आला. खिशात पान्हा सोडायची सुई घेऊनच आला होता. भला पोरगा आहे, वाईट मनानं नाही. "अण्णा, कास दगडावानी लागाय लागली. असंच ऱ्हायलं तर सड जातील. एक सुई मारू, मोकळी हुईल." सुईबद्दल तुझं काय म्हणणं होतं ते मला माहीत आहे. तू म्हणायचीस, मागून मिळंल ते दूध, ओरबाडून काढल्यालं दूध न्हाई. पण तू म्हणून मोकळी झालीस गं. कास माझ्या हाताखाली गरम लागत होती. मी दत्ताला म्हणालो, उद्या सकाळपर्यंत थांब. सकाळी नाही दिलं तर मार सुई, आणि गिऱ्हाईकही बघ. सुनीतानं ते ऐकलं आणि माझे कपडे पिशवीत भरायला घेतले.

आज सकाळची गोष्ट आता. उजाडल्यावर मी गोठ्यात गेलो. साडी खांद्यावर टाकली, का टाकली ते विचारू नकोस, थंडी होती असं समज. कास कोमट पाण्यानं शेकली. मग तिच्या कुशीला कपाळ टेकलं. तिला फसवायला नाही. मला उभं राहवत नव्हतं. ते अंग गरम होतं, आत पोटात काहीतरी गडगडत होतं, आणि घरात तुझ्यामागं मला टेकायला एवढीच जागा राहिली आहे हे तेव्हा कळलं. मग माझ्या तोंडून सुरू झालं. म्हटलं, बघ तुझ्या मालकिणीचं. भारा टाकला आणि चालती झाली. मला चहात साखर किती घालायची तेसुद्धा सांगून गेली नाही. इतकी वर्षं रोज घातली, कधी म्हणाली नाही किती ते. म्हटलं, कोंबड्यांचा आवाज शिकवला नाही. ती तांबडी गेली, बिबट्यानं नेली की मांजरानं, कुणास ठाऊक. म्हटलं, आक्कानं तांब्याचा हंडा नेला आणि मी बघत बसलो, ती असती तर नेऊ दिला असता का? म्हटलं, ती दुपारी भारा घेऊन आली तेव्हा मी ओट्यावरच होतो, ती टेकली, मला वाटलं दमली असंल, मी नुसतं म्हणालो की ऊन लई हाय. एवढंच बोललो. म्हटलं, माणसानं जायचं तर निदान भांडून तरी जावं, वाद अर्धा ठेवून कुणी जातं का?

आणि अगं, हाताला सड ऊबदार लागला. आधी मला कळलंच नाही. बोलता बोलता माझे हात आपोआप चालत होते. पहिली धार बादलीच्या तळावर वाजली, मग दुसरी, आणि मग आवाज बदलला, फेसात पडणारी धार वाजते तसा. मी थांबलो नाही. थांबलो तर ती चोरील, या भीतीनं बोलत राहिलो. तुझ्या माहेरच्यांपर्यंत गेलो, जर्सी गाईंपर्यंत गेलो, लग्नात तू माझ्या मामाला काय बोललीस तिथपर्यंत गेलो.

तेवढ्यात दारात सुनीता आली, हातात आंबोणाची पाटी घेऊन. मी गप्प झालो.

ती म्हणाली, "कुनाशी बोलत व्हता, अण्णा?"

"कुनाशी न्हाई. म्हशीला चुगल्या सांगत व्हतो."

"कुनाच्या?"

"तुझ्या आईच्या."

तिनं बादलीकडं बघितलं. पाटी खाली ठेवली, पदरानं तोंड झाकलं आणि तशीच वळली. थोड्या वेळानं आतून पिशवी रिकामी करत असल्याचा आवाज आला, आणि मग ती जावईबापूंना फोनवर सांगत होती की उद्या ती एकटीच येतेय. दत्ता आला तेव्हा मी त्याला सुई परत खिशात घालायला लावली.

सुनीता उद्या जाईल. मग घरात मी, गोठ्यात ही, आणि अंगणात माझं न ऐकणाऱ्या कोंबड्या. मला खोटं बोलता येत नाही, फार एकटं वाटणार आहे. तुझी निळी साडी मी खुंटीवर परत टाकली आहे, पुन्हा वास लागेल तिला, माझा लागेल. पण एक सांगायचं राहिलं. मी पाटी घेऊन आत आलो की तू गप्प व्हायचीस, तेव्हा मला इतके दिवस वाटायचं, माझ्याबद्दल काहीतरी वाईटच बोलत असणार. आज लेक दारात आली आणि मी गप्प झालो, तेव्हा कळलं, तुझ्या चुगल्याही अशाच असणार, आणि त्या फक्त चंद्रीनं ऐकल्यात.